त्या पिक्चरचा शेवट मी सांगितला

माणिकमामा — या एका माणसाचं माझ्यावर जेवढं ऋण आहे, तेवढं माझ्या आईवडिलांचंही नाही. दोघंही हयात आहेत आणि हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं तरी ते मान हलवतील. मी आज लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी गेलो तो मामांमुळे. हे मी सगळीकडे सांगतो — सत्काराला, निरोपसमारंभाला, वर्गात मुलांना. आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नसतं.

पण त्याच्या पुढचं मी आजवर कुणाला तोंडानं सांगितलं नाही. बायकोला नाही. आईला नाही. मामांना तर नाहीच. कितीदा जिभेवर आलं असेल — आणि कितीदा मी पाणी मागून, विषय बदलून, ते परत गिळलं असेल? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगणं सोपं वाटतंय का? असेलही. तरी सांगतो.

आमचं गाव लोह्यापासून आत, सात-आठ किलोमीटरवर. मामा आईचे सख्खे भाऊ नाहीत, गावचेच. ते फौजेत होते. मी सहावीत असताना ते मुदतीआधीच घरी आले. पेन्शन नाही, हारतुरे नाहीत, एक पत्र्याची ट्रंक आणि उन्हाळ्यातही खांद्यावर टाकलेलं एक जाड जाकीट. फौजेतून काढून टाकलेल्या माणसाचं ‘नाव कापलं’ असं म्हणतात. गावाला तेवढंच कळलं की माणिकचं नाव कापलं. का कापलं, ते गावानं आपलं आपण ठरवून टाकलं — लढाईतून पळून आला. मामांनी ते कधी खोडलं नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीला सासरच्यांनी त्या दिवाळीला माहेरी पाठवलं नाही. भाऊबिजेला ते ओट्यावर एकटेच बसलेले. माझी आई ताट घेऊन त्यांच्या दारात गेली. म्हणाली, “बसा पाटावर. मलाबी भाऊ न्हाई.”

त्या दिवसापासून ते माझे मामा.

आता पिक्चरचं सांगतो. मी बारावीला होतो, लोह्याला जाऊन-येऊन शिकत होतो. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदन झालं की मुलांना काहीतरी दाखवायचं, असं त्या वर्षी हेडमास्तरांच्या मनात आलं. त्यांनी नांदेडला जाणाऱ्या एकाला सांगून ठेवलं — सीडीच्या दुकानातून फौजेचा एखादा चांगला पिक्चर आण. दुकानदारानं फौजेचा पिक्चर दिला. वरच्या चित्रात शिपाई होता, निशाण होतं, घोडा होता. लावल्यावर कळलं, तो इंग्रजी निघाला. जुना, रंगीत, वाळवंटातला. तोवर खिडक्यांना गोणपाट बांधून झाले होते. वर्गात मुलं, मुलांचे बाप, तीन-चार म्हाताऱ्या, असं सगळं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. आता उठा कसं म्हणणार?

हेडमास्तर म्हणाले, “दत्ता, तू बारावीला आहेस. थोडं थोडं सांगत जा रे सगळ्यांना.”

मला इंग्रजीत चांगले मार्क पडायचे. निबंध पाठ होते, पत्रलेखन पाठ होतं, वाक्य फिरवून लिहायचे नियम पाठ होते. पण बोललेलं इंग्रजी मी कधी ऐकलंच नव्हतं. तो गोरा बोलायला लागला तेव्हा मला त्यातलं ‘सर’ आणि ‘वॉटर’ एवढंच ओळखू आलं. तेव्हाच म्हणायचं होतं — सर, मला कळत नाही. चार शब्द. मी टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि सांगायला लागलो.

डोळ्यांना दिसतं त्यावरून गोष्ट बरीचशी कळत होती. एक तरुण शिपाई, पुलावर पहाऱ्याला. संगं त्याचा जोडीदार. हा भिऊन पहारा सोडतो, जोडीदार मरतो. मग सगळ्या पलटणीसमोर याची तलवार मोडतात, अंगावरची बटणं तोडतात. हा दाढी वाढवून, फाटके कपडे घालून त्याच पलटणीच्या मागं भिस्ती होऊन चालत राहतो — पखालीतून पाणी वाहणारा. कुणी ओळखत नाही. शेवटी वाळवंटात अडकलेल्या पलटणीला तोच विहिरीपर्यंत नेतो. इथवर ठीक होतं. पण लोकांना बोलणं हवं होतं. गोरा दोन मिनिटं बोलला आणि मी एका वाक्यात आटपलं, तेव्हा मागून किशनकाका म्हणाले, “दत्ता, साहेब मामलेदारावानी बोलून राहिला अन् तू तलाठ्यावानी आटपून राहिलास. सगळं सांग की.”

लोक हसले. मग मी लांबवायला लागलो. तो दोन मिनिटं बोलला की मीही दोन मिनिटं बोलायचो. मनाला येईल ते. आणि — खरं सांगतो — मला ते आवडायला लागलं. म्हाताऱ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे.

तलवार मोडली तेव्हा अंधारातून कुणीतरी म्हणालं, “फौजी, बगा बगा. तुमचाच पिच्चर हाय.” खसखस पिकली. मामा दाराला टेकून उभे होते, त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. ते हसले नाहीत, गेलेही नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं सांगायला लागलो.

शेवटच्या सीनला तो शिपाई एका मोठ्या घरी जातो. काळ्या कपड्यांतली म्हातारी खुर्चीत बसलेली. मेलेल्या जोडीदाराची आई. तो टोपी काढून उभा राहतो. बोलायला तोंड उघडतो, थांबतो. म्हातारी खूप वेळ बोलते. मग तो थोडंसं बोलतो. ती उठते, त्याच्या गालाला हात लावते. संपलं.

मी काय सांगितलं? मी सांगितलं, की तो म्हणतो — ‘माते, तुझ्या लेकराला मी एकटं सोडलं. त्याच्या मरणाला मीच कारण आहे. आजपासून मी तुझं लेकरू.’ आणि म्हातारी म्हणते — ‘तू खरं बोललास. खरं बोलणाऱ्याला देव टाकत नाही. तूच माझं लेकरू.’

एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, मी जिंकलो. गोणपाट सोडले, उजेड आला, तेव्हा दारात मामा नव्हते.

ते मी मामांबद्दलच्या दयेपोटी सांगितलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आलो. त्यांना बरं वाटावं म्हणून. तसं होतं का? त्या क्षणी माझ्या मनात मामा किती होते आणि पदरानं डोळे पुसणारी म्हातारी किती? मला सांगता येत नाही. नाही — येतं. मामा कमी होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मामा मला बोलवायला आले. “मास्तरला मी इचारलो हाय. पुन्ना येकदा लावू. तू सांग.” त्या रिकाम्या वर्गात आम्ही दोघांनी तो पिक्चर पुन्हा बघितला. मग आणखी एकदा. मामा अडवून विचारायचे — “भिस्ती झाल्यावर त्यो म्होरक्याला काय म्हनला? काल तू येगळंच सांगितलास.” तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन मी इंग्रजीच्या वहीच्या मागच्या पानांवर माझे सगळे डायलॉग लिहून काढले, पाठ केले. परीक्षेला करतात तसं. म्हणजे पुढच्या वेळी चूक व्हायला नको. आता विचार करतो — पहिल्या दिवशी गर्दीत तोंडातून निघून गेलं, असं एक वेळ म्हणता येईल. पण वहीत लिहून पाठ केलेलं खोटं? त्याला काय म्हणायचं?

बारावीनंतर वडील मला शेतावर घेणार होते. वाटण्या होऊन आमच्या वाट्याला आलेली जमीन, वडिलांची कंबर धरलेली, धाकट्या दोघी बहिणी. त्यांचंही चूक नव्हतं. मामा आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, “दाजी, हेडमास्तरला जे कळालं न्हाई ते ह्या पोराला कळालं. सगळं गाव बगितलं. ह्येला रानात घालून काय करून राहिले तुमी? नांदेडला घाला. त्याच्या डब्याचं मी बघतो.”

मी आत चुलीजवळ बसून हे ऐकत होतो. वडिलांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. “बगू,” म्हणाले. त्या ‘बगू’वर माझं सगळं शिक्षण टांगलेलं होतं, आणि ते ‘बगू’ माझ्या खोट्या इंग्रजीवर.

निकाल लागल्यावर एकदा शेताच्या वाटेवर मामांनी मला ते सांगितलं. का कापलं नाव ते. कुणी विचारलं नव्हतं म्हणून आजवर सांगितलं नव्हतं, म्हणाले.

उंचावरची चौकी. दोघंच जण. मामा आणि उदगीरकडचा बसवराज — एकाच भागातले म्हणून दोघांचं जमायचं. आत रॉकेलची शेगडी, तिला तिकडं बुखारी म्हणतात. तिच्या धुराचं नळकांडं छतातून बाहेर काढलेलं. एकानं झोपायचं आणि दुसऱ्यानं बाहेर राहून नळकांड्याच्या तोंडावरचं बर्फ काढत राहायचं, अशी पाळी. पहाट होत आली होती. पाळी मामांची होती. “अर्धा घंटा गेलो मी खाली लंगरात. च्या प्यायला. हात गळून चालले होते. अर्धाच घंटा.” लंगर म्हणजे खालच्या तळावरचं स्वयंपाकघर. वर आले तेव्हा नळकांडं बुजलेलं होतं, आत धूर कोंडला होता आणि बसवराज झोपलेलाच होता.

लढाई नव्हती. पळून येणं नव्हतं. चहा होता.

बसवराजच्या घरी ‘कर्तव्यावर असताना’ एवढंच कळवलं गेलं. त्याची आई गावात सांगते म्हणे, लेकरू पहाऱ्यावर उभं असताना गेलं. हे मामांना कुठून तरी कळलं होतं. सात वर्षं त्यांना वाटत होतं, जाऊन सांगावं. सात वर्षं धीर झाला नव्हता. “पर त्यो पिच्चर बगितल्यापून,” ते म्हणाले, “वाटून राहिलं, जावं.”

मला तेव्हाच सगळं समजलं. तुम्हालाही समजलं असेल. एक माणूस आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट करायला निघाला होता, आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर विसंबून निघाला होता.

मी काय केलं? म्हणालो, “जावा मामा.”

ते म्हणाले, “तू चल संगं. पोरगं संगं आसलं की लोक दारातून परत लावत न्हाईत.”

लोह्याच्या स्टँडवर अहमदपूरच्या गाडीची वाट बघत होतो. सकाळची वेळ, मामांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, दाढी केलेली, गालावर ब्लेड लागून रक्ताचा ठिपका वाळलेला. ते येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दत्ता, येक इचारू? ती म्हातारी शेवटी जे म्हनली ते तुला नीट कळालं हुतं ना? का अंदाज हुता? अंदाज आसला तर तसं सांग. मी नाराज हुनार न्हाई.”

इथं थांबतो जरा.

अंदाज होता का — हा शब्द त्यांनी स्वतः दिला. मला शोधायचीही गरज नव्हती. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. त्यांनी दार उघडून धरलं होतं, आणि मी नाराज होणार नाही असंही सांगितलं होतं. मला एवढंच दिसलं की मी ‘हो’ म्हटलं तर मामांना कळेल याला इंग्रजी येत नाही. मग ते वडिलांना काय सांगतील? चार दिवसांवर नांदेडचं अ‍ॅडमिशन होतं.

मी म्हणालो, “हाव मामा. नीट कळालं.”

गाडी आली. आम्ही चढलो.

उदगीरहून पुढं काळीपिवळी जीपनं गेलो. कर्नाटकाच्या हद्दीजवळचं गाव. घरालाच लागून किराण्याचं दुकान. दुकानात बसवराजचे थोरले भाऊ, कपाळावर भस्माचे पट्टे. मामांनी पलटणीचं नाव सांगितलं तसे ते गल्ल्यावरून उठलेच. त्यांनी ‘अव्वा’ अशी हाक मारली, तशी आतून त्यांची आई आली. बारीक, ताठ, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. “बर्री, कूड्री,” म्हणाली — या, बसा. मग तिला वाटलं आम्हाला कळलं नसेल म्हणून मराठीत, “बसा बसा. माझ्या बसूच्या संगं होता तुमी?” भिंतीवर वर्दीतला बसवराज. रोज पुसलेली काच. तिनं आम्हाला पाणी दिलं, गूळ-शेंगा दिल्या, आणि आम्ही काही बोलायच्या आधी तीच बोलत राहिली — बसूला लहानपणी थंडी कशी सोसत नव्हती, आणि तरी तो तिथं कसा उभा राहिला.

ती जे बोलत होती ते ऐकून मी मामांचा हात धरायला हवा होता. बाहेर चला म्हणायला हवं होतं.

मामा उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पिक्चरमधल्यासारखी. आणि माझं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर आलं. “माते,” ते म्हणाले. आमच्याकडे कोण कुणाला माते म्हणतं? जन्मात त्यांनी तो शब्द वापरला नसेल. “माते, तुझ्या लेकराला मी एकटं सोडलं. त्याच्या मरणाला मीच कारण आहे. आजपासून मी तुझं लेकरू.” एक शब्द इकडचा तिकडे नाही. न्हाई-हाय नाही, लई नाही — पुस्तकातली भाषा, मी पाठ केलेली, मी पाठ करून दिलेली. अंगणात नाटकाची तालीम चालावी तसं ते ऐकू येत होतं. बसवराजच्या भावाला तर ते मस्करीसारखं वाटलं असेल. मग मामांनी नळकांड्याचं सांगितलं, चहाचं सांगितलं. ते मात्र अडखळत, स्वतःच्या बोलीत. पण तोवर अव्वांचा चेहरा मिटला होता.

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग एकच विचारलं, “हाक मारला का त्यानं?”

मामा म्हणाले, “मी खाली हुतो अव्वा. मला ऐकू आलं न्हाई.”

“सात वर्सं,” त्या म्हणाल्या, अगदी हळू, “सात वर्सं माझं लेकरू हुभं हाय म्हणून बगत होते मी. आज येऊन कोंडून टाकलास की त्याला.”

त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. आतून भांड्याचासुद्धा आवाज नाही. मामा तसेच उभे, त्यांना वाटत होतं अजून काहीतरी व्हायचं आहे — ती परत येईल, गालाला हात लावेल. थोरले भाऊ पुढं आले. ते दाराशी गेले, वाकले आणि आमच्या दोघांच्या चपला फिरवून त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवली.

परतीच्या गाडीत मामा खिडकीजवळ. अहमदपूर मागं पडलं. मग एकदम म्हणाले, “मी बरोबर बोललो का रं? पिच्चरमधी त्यो आसंच म्हनला हुता ना?”

“हाव मामा.”

“येखादा शब्द चुकला आसंल का?”

“न्हाई मामा.”

त्यांनी मान हलवली. “मंग माझ्यातच कायतरी कमी आसंल,” म्हणाले. “त्यो गडी खरा आसंल. माझ्यात तेवढं न्हाई.”

आणि मी गप्प बसलो. माझा गुन्हा कोणता असं मला विचाराल तर पिक्चर नाही, वही नाही, स्टँडही नाही. हा. ते स्वतःला खोटं ठरवत होते आणि माझ्यापाशी त्यांना सोडवायला एक वाक्य होतं. लोहा येईपर्यंत तासभर तरी होता. मी बाहेरची झाडं बघत बसलो.

चार दिवसांनी माझं अ‍ॅडमिशन झालं. पुढं तीन वर्षं मामा रोज सकाळी लोह्याला जाऊन नांदेडच्या एसटीत ड्रायव्हरजवळ माझा डबा ठेवायचे. आमच्याकडची कितीतरी पोरं अशीच एसटीच्या डब्यावर शिकली. पावसात, उन्हात, त्यांना ताप असताना — डबा चुकला नाही. मी तो खाल्ला. नांदेडला मी खरोखर इंग्रजी शिकलो. जीव तोडून शिकलो, कारण मला वाटायचं, एकदा नीट शिकलो की मागचं खोटं आपोआप खरं होईल. होतं का तसं? मी आज मुलांना सांगतो, समजलं नसेल तर हात वर करा, त्यात लाज नाही. हे सांगताना मी फळ्याकडे तोंड करतो.

मामा त्यानंतर कधी सव्वीस जानेवारीला शाळेत गेले नाहीत. पिक्चरचं नाव काढलं नाही. अव्वा वारल्याचं त्यांना कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढं आईनं मला फोनवर सांगितलं.

गेल्या वर्षी तो पिक्चर मला फोनवर सापडला. अचानक सापडला असं म्हणणार नाही — इतकी वर्षं मुद्दाम टाळला होता, आता शोधला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, भर दुपारी, कानात तारा घालून मी शेवटचा सीन लावला. आता मला शब्द न् शब्द कळत होता.

तो शिपाई सांगायलाच आलेला असतो. तोंड उघडतो. तेवढ्यात म्हातारी बोलायला लागते — मला कळवलंय त्यांनी, तो तुझ्या जोडीनं शेवटपर्यंत उभा होता, तेवढ्यावर मी जगतेय. आणि तो थांबतो. मग म्हणतो, ‘होय. तो माझ्या बाजूलाच होता.’ एवढंच. ती त्याच्या गालाला हात लावते. तो बाहेर पडतो आणि खरं आपल्याबरोबर घेऊन जातो. त्या माणसानं सांगितलं नाही. सांगितलंच नाही. ते स्वतःकडे ठेवायचं, मरेपर्यंत ठेवायचं, हीच त्यानं स्वतःला दिलेली शिक्षा होती.

मी जे सांगितलं होतं ते चुकलेलं भाषांतर नव्हतं. ते उलटं होतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. संध्याकाळी कॉलेज सुटलं की गंजगोलाईच्या बाजारात जातो आणि गोल चालत राहतो. भाजीवाले आता ओळखतात. बायको विचारते, डॉक्टरला दाखवायचं का. तीनदा गावी जाऊन आलो, तीनदा मामांच्या ओट्यावर बसलो, तीनदा परत आलो. तिसऱ्या वेळी मामा म्हणाले, “कामून तोंड पाडून बसलास रं सर? पोरं लई तरास देतात का?” मला ते लाडानं ‘सर’ म्हणतात. मी म्हणालो, “हाव. देतात.”

एक विचार सारखा आडवा येत होता. मामा अव्वांकडे गेले तसंच मीही आता मामांकडे जातोय का? माझं हलकं व्हावं म्हणून? सत्तरीला टेकलेल्या माणसाला त्याच्या दारात जाऊन हे सांगायचं? गप्प राहणं हीच शिक्षा म्हणून का घेऊ नये, त्या शिपायासारखी? महिनोन्‌महिने मला हे फार शहाणपणाचं वाटलं. मग एक दिवस लक्षात आलं, की हाही माझा जुनाच आवाज आहे. त्या शिपायाच्या गप्प राहण्यानं म्हातारीचं लेकरू उभं राहत होतं. माझ्या गप्प राहण्यानं मामा काय होऊन जगतात? ‘माझ्यात कमी आहे’ म्हणून जगतात. वीस वर्षांच्या वर झाली. माझ्या गप्प राहण्यात त्यांना काहीच मिळत नाही, जे मिळतं ते मलाच मिळतं.

समोर बसून सांगायला जमलं नाही. तेवढा धीट मी अजूनही नाही. मागच्या सोमवारी पत्र लिहून पोस्टात टाकलं. त्याची नक्कल खाली देतो.

तीर्थस्वरूप माणिकमामा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र सावकाश वाचा. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

शाळेत दाखवलेल्या त्या इंग्रजी पिक्चरमधलं बोलणं मला कळत नव्हतं. एकही वाक्य नीट कळलं नव्हतं. जे सांगितलं ते मी मनानं जोडलं होतं. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारायचात म्हणून ते मी वहीत लिहून पाठ केलं. लोह्याच्या स्टँडवर तुम्ही मला विचारलंत, अंदाज होता का. अंदाजच होता. मी नाही म्हणालो, कारण माझं नांदेडचं अ‍ॅडमिशन राहिलं असतं.

आता मला इंग्रजी येतं. मी तो पिक्चर पुन्हा बघितला. त्या शिपायानं म्हातारीला काही सांगितलं नव्हतं. तो सांगायला गेला आणि न सांगता परत आला. तिनं त्याला लेकरू म्हटलं नव्हतं. तुम्ही सगळं सांगितलंत. त्याला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत. ते करावं की करू नये हे तुमचं तुम्ही ठरवायला हवं होतं. ते मी ठरवलं.

गाडीत तुम्ही म्हणालात, माझ्यात काहीतरी कमी असेल. तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलो होतो आणि मला माहीत होतं. कमी तुमच्यात नव्हती.

त्या दिवशी उभं राहून तुम्ही सुरुवातीला जे बोललात, ते माते आणि ते लेकरू, ते माझं होतं. अव्वांनी ते ऐकलं आणि त्यांचं मन तिथंच मिटलं. त्यानंतर तुम्ही जे तुमच्या तोंडानं सांगत होतात ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्या आता नाहीत. म्हणून हे कधीच दुरुस्त होणार नाही.

तुम्हाला माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिलं. उत्तराची वाट बघत नाही.

दत्ता